संगणकाला डिस्क सापडत नाही तेव्हा



आपल्या स्मरणिकेत धम्म, इतिहास, आरोग्य आणि शिष्यवृत्त्या यांवरील लेख नेहमीच असतात. या वेळी कार्यकारिणीने आमच्याकडे जरा वेगळा विषय सोपविला. अभ्यासिकेतील संगणक अधूनमधून बंद पडतात, मुलांचे लॅपटॉपही बिघडतात आणि दर वेळी कोणीतरी "हार्ड डिस्क गेली" असे सांगून हजारोंचा खर्च काढतो. तो खर्च प्रत्येक वेळी खराच असतो का, हे सर्वसाधारण सभासदाला व विद्यार्थ्याला कळेल अशा भाषेत लिहावे, अशी सूचना होती. आम्ही काही संगणक अभियंते नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आम्ही; जे थोडेफार कळते ते अभ्यासिकेतील यंत्रे उघडून आणि चुका करून शिकलो. त्यांतील एक चूक फार महाग पडली. तीही या लेखात सांगणार आहोत, कारण ती लपवून बाकीचे ज्ञान सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एक प्रसंग

टेंभीपाड्याकडे राहणारी आपल्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थिनी एका रात्री लॅपटॉप पिशवीत घालून आली. तिच्या आईने हप्त्याने घेऊन दिलेले ते यंत्र. विंडोज सुरू होईना म्हणून मावसभावाने ती नव्याने टाकायचा प्रयत्न केला. पेनड्राइव्ह लावला, भाषा निवडली, अटी मान्य केल्या आणि "कुठे टाकू?" असे विचारणारे पान आले. त्या पानावर डिस्कची यादी असायला हवी होती. ती कोरी होती. एकही ड्राइव्ह सापडला नाही, ड्रायव्हर हवा असल्यास 'लोड ड्रायव्हर' दाबा, अशा अर्थाची एक ओळ तेवढी खाली होती. मावसभावाने यंत्र एका दुकानात नेले. तेथे उत्तर मिळाले : डिस्क मेली, नवी घ्या, जुने काही मिळणार नाही.

त्या डिस्कवर तिच्या जातीच्या दाखल्याच्या, जात पडताळणीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याच्या स्कॅन प्रती होत्या. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. आणि महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यास चार दिवस उरले होते.

"काका, डिस्क गेली म्हणतात. आईला अजून सांगितलं नाही," एवढेच ती म्हणाली.

आम्ही लॅपटॉप बंद केला, पुन्हा चालू करताना एफ२ कळ दाबत राहिलो आणि बायोसचे पान उघडले. तेथे डिस्कचे नाव आणि ५१२ जीबी हा आकडा स्वच्छ लिहिलेला होता. वर्गात हजेरी घेताना जो मुलगा "हजर" म्हणतो, त्याला गैरहजर लावता येत नाही. डिस्क जिवंत होती. फक्त विंडोज टाकणाऱ्या आज्ञावलीला ती दिसत नव्हती. असे का होते हे समजले, की अर्धी भीती जाते.

ड्रायव्हर म्हणजे चावीवाला

मुंबईला पाणी पुरविणारे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आपल्या भांडुपमध्येच आहे, हे आपणास ठाऊक आहे. पाणी इथे शुद्ध होते, तरी डोंगरावरच्या एखाद्या चाळीत सकाळी नळ कोरडा असतो. म्हणून कोणी "तलाव आटला" असे म्हणत नाही. आपण आधी विचारतो, चावीवाला आला होता का? तलाव भरलेला असतो, नळही शाबूत असतो. मधली चावी फिरविणारा माणूस आलेला नसतो.

संगणकात ड्रायव्हर हा चावीवाला होय. हार्ड डिस्क किंवा आजकालची एसएसडी थेट विंडोजशी बोलत नाही. दोघांच्या मध्ये एक नियंत्रक असतो, त्याला कंट्रोलर म्हणतात. प्रत्येक कंट्रोलरची बोलण्याची पद्धत निराळी. ती पद्धत जाणणारी छोटी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर.

आता प्रश्न असा की बायोसला डिस्क दिसते, मग विंडोजला का दिसू नये? बायोस ही यंत्राच्या चिपमध्ये कारखान्यातूनच भरलेली आज्ञावली असते आणि आपल्या यंत्रातील कंट्रोलरशी बोलण्याची सोय तिच्यात असते. नव्या यंत्रांत तिचे नाव यूईएफआय असे आहे, पण बोलताना सगळे बायोसच म्हणतात. विंडोज टाकण्याची आज्ञावली मात्र पेनड्राइव्हवरून येते. ती एकदा सुरू झाली की बायोसची वाट सोडून स्वतःचे ड्रायव्हर वापरते. तिच्या गाठोड्यात पुष्कळ ड्रायव्हर असतात, पण सगळे नसतात. आपल्या यंत्रातील कंट्रोलरचा ड्रायव्हर त्यात नसेल, तर भरलेला तलाव असूनही यादी कोरी.

हे दुखणे जुनेच आहे

विंडोज एक्सपी २००१ साली आली. त्यानंतर साटा जातीच्या डिस्क आणि एएचसीआय ही कंट्रोलरची नवी पद्धत आली. एक्सपीच्या सीडीवर तिचा ड्रायव्हर नव्हता. मग सुरुवातीलाच पडद्याच्या तळाशी सूचना येई तेव्हा एफ६ कळ दाबायची आणि ड्रायव्हर द्यायचा, तोही फ्लॉपीवरच. नव्या यंत्रांतून तोवर फ्लॉपीची खाच नाहीशी होऊ लागली होती. लोक लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह शोधत. ज्यांना ते जमत नसे ते बायोसमध्ये जाऊन एएचसीआय बदलून जुनी आयडीई पद्धत लावीत. तसे न केल्यास शेवटी ७बी असा सांकेतिक आकडा असलेली निळी पाटी येई आणि यंत्र थांबे.

२००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आला आणि फ्लॉपीची कटकट गेली. २००९ च्या विंडोज ७ ला यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हते, त्यामुळे पुढच्या यंत्रांवर तिला स्वतःचा पेनड्राइव्हसुद्धा वाचता येईना. पुढे एनव्हीएमई जातीच्या, च्युइंगगमच्या पट्टीएवढ्या एसएसडी आल्या. त्यांचा ड्रायव्हर विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, आतच मिळू लागला.

मग आता पुन्हा ही अडचण का? इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून, म्हणजे साधारण २०२० च्या अखेरीपासून, पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय कारखान्यातूनच चालू करून येते. ती एसएसडीच्या पुढे पडद्यासारखी उभी असते. विंडोजकडे एसएसडीचा ड्रायव्हर असतो, पण पडद्याचा नसला तर मागची एसएसडी तिला दिसत नाही. आमच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप याच पिढीचा होता. थोडे जुने, कार्यालयांतून बाहेर पडलेले डेस्कटॉप असतील तर त्यांत साटाची मांडणी 'रेड' या पद्धतीवर ठेवलेली असते आणि परिणाम तोच होतो.

आधी कारण, मग उपाय

तथागतांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, त्याचा निरोध सांगितला आणि मग मार्ग सांगितला. धम्माची आणि यंत्राची बरोबरी करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपण दुखणे दिसले की एकदम मार्गावर उडी मारतो : नवी डिस्क घ्या, नवा लॅपटॉप घ्या. मधली पायरी, म्हणजे कारण शोधणे, राहून जाते. दुकानदार सांगतो म्हणून, शेजारचा सांगतो म्हणून मानू नये. स्वतः तपासून पाहावे, ही कालामांना दिलेली शिकवण इथे फार उपयोगी पडते. तपासण्याचा क्रम आम्ही असा ठेवला आहे.

पहिली पायरी : बायोसमध्ये डिस्क दिसते का? यंत्र चालू करताना एफ२, डिलीट किंवा एफ१० यांपैकी कंपनीने ठरविलेली कळ दाबत राहावी. डिस्कचे नाव व आकार दिसला तर डिस्क बहुधा जिवंत आहे. नाव नसेल तर यंत्र बंद करून, वीज काढून, डेस्कटॉपमधील डिस्कच्या दोन्ही वायरी, म्हणजे माहितीची व विजेची, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. एसएसडीची पट्टी सैल झाली असेल तर तीही काढून बसवावी. एवढे करूनही नाव येत नसेल आणि डिस्क दुसऱ्या यंत्रातही ओळखली जात नसेल, तरच "डिस्क गेली" या निष्कर्षाजवळ यावे.

दुसरी पायरी : आतील माहिती वाचवावी. लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून यंत्र त्यावरून सुरू करावे. उबुंटूसारखी लिनक्स काहीही न टाकता, नुसती चालवून पाहता येते. अशा वेळी फक्त 'चालवून पाहा' हा पर्याय घ्यावा, 'टाका' हा नव्हे. लिनक्समध्ये ड्रायव्हर बहुतांशी तिच्या गाभ्यातच असतात, व्हीएमडीचाही असतो. डिस्क दिसली की आपले दस्तऐवज दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. मात्र 'रेड' पद्धतीवर ठेवलेल्या यंत्रात एनव्हीएमई डिस्क लिनक्सलाही दिसत नाही, हे ध्यानात असावे. तसेच विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप घातले असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र सुरू केले त्या खात्यात साठविलेली असते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधील काहीही बदलण्यापूर्वी ही किल्ली हाताशी हवी, कारण बदलानंतर यंत्र ती मागू शकते.

तिसरी पायरी : योग्य ड्रायव्हर आणावा. दुसऱ्या संगणकावरून लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावर जावे, यंत्राच्या पाठीवर छापलेला मॉडेल क्रमांक द्यावा आणि 'स्टोरेज' या सदरातील इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजीचा ड्रायव्हर घ्यावा. इथे बहुतेकांची एक चूक होते. उतरविलेली फाईल 'सेटअप' स्वरूपाची, एकाच पुडक्यात बांधलेली असते. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकली तर विंडोज टाकणारी आज्ञावली तिला ओळखत नाही. पुडके सोडून आतील सुट्या फाईली मिळवाव्या लागतात. त्यांत शेवटी 'आयएनएफ' आणि 'एसवायएस' असे असणाऱ्या फाईली दिसल्या की काम बरोबर झाले. काही कंपन्या अशा सुट्या फाईलींची थैली वेगळी देतात. ती मिळाल्यास तीच घ्यावी. त्या एका फोल्डरमध्ये ठेवून विंडोजच्याच पेनड्राइव्हवर टाकाव्यात.

चौथी पायरी : ड्रायव्हर द्यावा. कोरी यादी आली की 'लोड ड्रायव्हर', मग 'ब्राउझ' दाबून तो फोल्डर दाखवावा. यंत्राला न जुळणारे ड्रायव्हर लपविण्याची एक चौकट तेथे असते. तिच्यावरील खूण काढू नये. खूण असताना नावात व्हीएमडी असलेला ड्रायव्हर यादीत आला तर तो जुळणारा आहे. यादी रिकामीच राहिली तर आपण चुकीच्या पिढीचा ड्रायव्हर आणला आहे किंवा पुडके सुटलेले नाही. योग्य ड्रायव्हर निवडून पुढे गेल्यावर काही क्षणांत डिस्क दिसू लागते.

पाचवी पायरी, ड्रायव्हर मिळालाच नाही तर : बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करावी किंवा 'रेड'च्या जागी एएचसीआय निवडावे. पडदाच दूर झाला की विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर पुरतो. हा उपाय सोपा, पण दोन सूचना पाळाव्यात. आतली जुनी विंडोज ठेवायची असेल तर हा बदल करू नये. ती सुरू होणार नाही आणि निळी पाटी येईल. तसे झालेच तर घाबरू नये, बदल उलट करावा. दुसरे, दोन डिस्क एकत्र बांधून रेड केलेली असेल तर या मांडणीला हातच लावू नये.

सारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

काही तक्रारी ड्रायव्हरच्या वाटतात, पण असत नाहीत. विंडोज टाकताना अगदी सुरुवातीलाच "माध्यमाचा ड्रायव्हर नाही" असे आले, तर दोष बहुधा हार्ड डिस्कचा नसून पेनड्राइव्हचा असतो. उतरविलेली फाईल अर्धवट असते किंवा पेनड्राइव्ह निळ्या तोंडाच्या यूएसबी ३ च्या खाचेत लावलेला असतो. तो यूएसबी २ च्या खाचेत लावून पाहावा, नाहीतर नव्याने तयार करावा.

दुसरी तक्रार : डिस्क दिसते, पण "या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही, तिच्यावर एमबीआर तक्ता आहे" असे उत्तर येते. हा ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हे. डिस्कवर विभागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर व नवी जीपीटी. यंत्र यूईएफआय पद्धतीने सुरू झाले तर विंडोजला जीपीटीच हवी असते. इथे लोक रागाने डिस्क पुसून टाकतात. त्याची गरज नसते. जुनी विंडोज चालत असेल तर तिच्यातूनच माहिती न पुसता एमबीआरचे जीपीटी करण्याचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून दिलेले आहे.

तिसरा गैरसमज आकड्यांचा. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि ५१२ ची ४७६. डिस्क बनविणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. दुकानदाराने फसविले असे समजू नये. पण हा आकडा नीट पाहत जा, असे आम्ही कळकळीने सांगतो. त्याचे कारण पुढे येते.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी अभ्यासिकेतील मुलांनी एक चांगले काम केले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जाऊन बाबासाहेबांकडून धम्मदीक्षा घेतलेले एक वयोवृद्ध सभासद आपल्या वस्तीत होते. ते त्या वेळी तरुण होते. प्रवास कसा केला, सोबत काय शिदोरी होती, परतल्यावर घरातले देव कसे विसर्जित केले, हे सर्व त्यांनी चार बैठकांत सांगितले आणि मुलांनी ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित केले. ते संस्थेच्या संगणकात जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवर ठेवले होते. तेवढ्याच आकाराची नवी एसएसडी आम्ही त्यात बसविली, तिच्यावर विंडोज टाकावी आणि जुनी डिस्क साठवणीसाठी ठेवावी असा विचार.

विंडोज टाकू लागलो तर यादी कोरी. यंत्र 'रेड'वर होते. तासभर खटपट करून ड्रायव्हर सापडला, दिला, आणि दोन्ही डिस्क एकदम दिसू लागल्या. ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १. दोन्हींपुढे ४६५. रात्रीचे साडेदहा वाजले होते. अडचण सुटल्याचा आनंद इतका झाला की आम्ही थांबलो नाही. ० म्हणजे पहिली, पहिली म्हणजे नवीच असणार, असे गृहीत धरले आणि तिच्यावरील विभाग पुसून विंडोज टाकली. नव्या डिस्कवर आधीपासून विभाग कसे असतील, एवढा साधा प्रश्नही मनात आला नाही. दुसऱ्या दिवशी कळले, ड्राइव्ह ० ही जुनी डिस्क होती.

माहिती परत मिळवून देणाऱ्याकडे डिस्क नेली. सुमारे चार तासांच्या मुद्रणातील एकोणीस मिनिटे मिळाली. ज्या मोबाईलवर ते घेतले होते तो केव्हाच विकला गेला होता. आणि ते आजोबा त्याआधीच्या वर्षी वारले होते. आम्ही त्यांच्या घरी जाऊन झालेला प्रकार सांगितला. त्यांच्या मुलीने चहा दिला, एकोणीस मिनिटांची प्रत घेतली आणि म्हणाली, "बाबा थकून 'आता पुरे' म्हणाले ते आहे ना यात? असू दे."

तेव्हापासून अभ्यासिकेत एक नियम आहे. विंडोज टाकायची ती एकच डिस्क यंत्रात ठेवायची. दुसऱ्या प्रत्येक डिस्कची वायर आधी काढायची. जी जोडलेलीच नाही ती पुसता येत नाही. ड्रायव्हर दिल्यावर डिस्क दिसली की हात माऊसवरून काढायचा आणि शेजारच्या माणसाला पडदा वाचून दाखवायचा. तो "बरोबर" म्हणाला तरच पुढे. डिस्क न दिसणे ही खरी संकटाची वेळ नसते, कारण न दिसणाऱ्या डिस्कला विंडोज काही करू शकत नाही. संकटाची वेळ ती दिसू लागल्यानंतर सुरू होते.

जुन्या यंत्रांचे काय?

योगायोग असा, की १४ ऑक्टोबर या तारखेला संगणकाच्या जगातही एक गोष्ट घडली. विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ ठेवली. दुरुस्त्या थांबलेल्या प्रणालीवर पैशाचे व्यवहार करणे धोक्याचे असते. एक्सपीच्या दुरुस्त्या २०१४ साली थांबल्या, तरी ती काही एटीएममध्ये चालूच होती. अखेर रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून अशा कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्यास बँकांना सांगितले. जे एटीएमला लागू ते आपल्या संगणकालाही लागू.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. देणगीत मिळालेली अनेक यंत्रे या अटींत बसत नाहीत. ती भंगारात देऊ नयेत. त्यांवर लिनक्स टाकावी. आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेली बॉस लिनक्स २००७ पासून आहे आणि तिच्यात मराठीची सोय आहे. अर्ज भरणे, टंकलेखन, व्याख्याने पाहणे या कामांना अशी यंत्रे पुरतात.

शेवटी

त्या विद्यार्थिनीचे काय झाले ते सांगायचे राहिले. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून तिची डिस्क दिसली, कुलूप नव्हते, दाखले आणि प्रकल्प उतरवून घेतले. मग ड्रायव्हर दिला आणि विंडोज टाकली. खर्च शून्य. सगळे तिनेच केले. आम्ही शेजारी बसून फक्त वाचत होतो. अर्ज मुदतीत गेला. आता अभ्यासिकेत कोणाची यादी कोरी आली की तिला बोलावतात.

बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांनी आपली पुस्तके व सामान वेगळ्या जहाजाने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. ते जहाज पाणतीराने बुडविले गेले आणि सारे समुद्रात गेले. त्या काळी दुसरी प्रत ठेवण्याचे इतके सोपे साधन नव्हते. आपल्या हातात ते आहे, तेही साध्या पेनड्राइव्हच्या रूपाने. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपले दाखले, गुणपत्रके आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचे आवाज निदान दोन ठिकाणी ठेवावेत, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

अभ्यासिकेच्या कपाटात एक डबा ठेवला आहे. त्यात विंडोजचा एक, लिनक्सचा एक आणि ड्रायव्हरच्या सुट्या फाईलींचा एक असे तीन पेनड्राइव्ह आहेत. सोबत वरील पाच पायऱ्या लिहिलेला पुठ्ठा आहे. डबा कोणीही मागावा, वापरावा आणि जागेवर परत ठेवावा. आणि ज्याला एकदा जमले त्याने पुढच्याच्या शेजारी बसावे.

जय भीम! नमो बुद्धाय!